शिंगे असलेली कासवे खरोखर होती का, आणि ती माणसानेच संपवली का?

होती. आपण विचारलेली शिंगांची कासवे मायोलॅनिडी या नामशेष कुळातली. त्यांचे जीवाश्म प्रामुख्याने ऑस्ट्रेलियात आणि नैऋत्य प्रशांत महासागरातील बेटांवर सापडले असून, नियोलामिया हा त्यांचा फार जुना नातेवाईक अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात मिळाला आहे. भारतात मात्र या कुळाचा मागमूस नाही. शिवालिक टेकड्यांत सापडलेले प्रचंड कासव आजच्या भूकासवांच्या कुळातले आहे.

ही कासवे जमिनीवर राहत. कवटीच्या मागच्या कडेला हाडांची शिंगे असल्यामुळे त्यांना डोके कवचात ओढून घेता येत नसे. शेपटीभोवती हाडांची कडी आणि टोकाला गदेसारखा कठीण भाग असे. अशा अवयवांमुळे ओळखण्यात गफलत होणे स्वाभाविकच होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मिळालेली शिंगांची कवटी ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मेगालेनिया या महाकाय सरड्याची मानली आणि 1886 मध्ये लॉर्ड हाव बेटावरच्या हाडांनाही सरड्यांतच बसवले. ती कासवाची आहेत, हे पुढच्याच वर्षी ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी दाखवून दिले. क्वीन्सलँडच्या त्या कासवाला आज निंजेमिस ओवेनी म्हणतात, म्हणजे ज्यांनी त्याला सरडा ठरवले त्यांचेच नाव त्याला मिळाले आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते लॉर्ड हाव बेटावरचे मायोलॅनिया प्लॅटिसेप्स. हे ज्वालामुखीजन्य बेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवर आहे आणि ते मुख्य भूमीला कधीच जोडलेले नव्हते. त्यामुळे या कासवांचे पूर्वज समुद्रावर तरंगतच तेथे पोहोचले असले पाहिजेत. जमिनीवरच्या जड प्राण्याबाबत हे अशक्य वाटेल, परंतु 2004 मध्ये अल्डाब्रा जातीचे एक भूकासव टांझानियाच्या किनाऱ्यावर चालत आले, तेव्हा त्याच्या पायांवर बार्नॅकल, म्हणजे समुद्रात तरंगत्या वस्तूंना चिकटून वाढणारे कवचधारी जीव, चिकटलेले होते, यावरून ते बराच काळ पाण्यात होते हे उघड झाले.

आता माणसाविषयी. याचे उत्तर ठिकाणानुसार बदलते, आणि सरसकट माणसाला दोषी धरणे मला योग्य वाटत नाही. लॉर्ड हाव बेटावर 1788 पूर्वी माणसाच्या वस्तीचा पुरावा नाही आणि कासवे त्याच्या कितीतरी आधी संपली होती. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढून बेटाचा मोठा भाग बुडाला, हे कारण मला अधिक पटते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर हवामान की माणूस, हा वाद इतर महाकाय प्राण्यांप्रमाणेच याही बाबतीत मिटलेला नाही. नैऋत्य प्रशांत महासागरातील व्हानुआटू या देशाच्या एफाते बेटावर मात्र पुरावा बोलका आहे. तेथील तेओउमा या स्थळी, सुमारे 3,000 वर्षांपूर्वी आलेल्या लापिता लोकांच्या (या बेटांवर प्रथम वस्ती करणाऱ्या प्राचीन दर्यावर्दींच्या) वस्तीत, मायोलॅनिया डॅमेलिपीची हाडे मिळाली, आणि त्यांत मांसल पायांची हाडेच अधिक आहेत, म्हणजे प्राणी अन्यत्र कापून मांस तेथे आणले जात असावे. हे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. काही अभ्यासक हे कासव याच कुळातले मानायला तयार नाहीत. तरी माणसे आल्यानंतर साधारण 300 वर्षांत ते तेथून नाहीसे झाले, आणि तेथे शिकारीचा हात होता असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.