अमेरिकेतून नागपूरला परतताय? 401-के लगेच मोडू नका

भाऊ, बेसा-मनीषनगरात फ्लॅट घ्यायची घाई समजते, पण त्यासाठी 401-केला (अमेरिकेतल्या नोकरीतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं) हात लावू नका. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांआधी पैसे काढले की तिकडे करावर वरून बहुतेकदा 10 टक्के दंड बसतो.

आधी पासपोर्टवरचे शिक्के बघून दरवर्षी भारतात किती दिवस होतात ते मोजा. मागच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असाल, तर सुरुवातीला ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) दर्जा मिळतो. त्या काळात तिकडच्या खात्यातल्या वाढीवर इथे कर नाही. तो दर्जा संपला की प्राप्तिकर कायद्याचं कलम 89अ (2025च्या कायद्यात 158) बघा: कर पैसे काढेपर्यंत लांबवता येतो. मात्र हा पर्याय मागे घेता येत नाही, म्हणून परदेशी उत्पन्न हाताळणाऱ्या सीएकडेच जा. ओळखीचा आहे म्हणून कुणाकडेही नको. आरएनओआर दर्जा संपल्यापासून विवरणपत्रात परकीय मालमत्तेचा तक्ताही भरायचा, काही काढलं नसलं तरी.