‘शौलाचा पौल झाला’ म्हणणं आता थांबवा

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या ‘पौल’ या नावाचा अर्थ काय, आणि ख्रिस्ताने शौलाला, म्हणजे पुढे प्रेषित (ख्रिस्ताचा धर्मप्रचारक) झालेल्या या यहुदी माणसाला, हे नवं नाव का दिलं?

दुसऱ्या भागाचं आधी बोलतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. ख्रिस्ताने त्याला नाव दिलेलंच नाही. ‘वाल्याचा वाल्मीकी’ आपल्यात इतका मुरलाय की त्याच चालीवर ‘शौलाचा पौल’ बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून बघा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्ताची हाक येते ती ‘शौला, शौला’ अशी. पुढे हनन्या हा तिथला ख्रिस्तशिष्य त्याला भाऊ म्हणतो तेव्हाही नाव शौलच. तेराव्या अध्यायात पवित्र आत्मा बर्णबा (त्याचा सोबती) आणि शौल यांनाच वेगळं काढायला सांगतो. मग सायप्रसला पोहोचल्यावर, नवव्या वचनात, या पुस्तकाचा लेखक लूक पहिल्यांदा लिहितो की शौलाला पौलही म्हणतात. मूळ ग्रीक शब्द आहेत ‘हो काय पावलोस’, म्हणजे ‘जो पावलोसही’. माणसाची दोन नावं सांगायची ही त्या काळची ठरलेली धाटणी. शिलालेखांत आणि पपायरसांवर ती सर्रास सापडते. यात ‘झाला’ कुठे आहे?

संत जेरोम म्हणतात, आफ्रिका जिंकून रोमी सेनापती स्किपिओ जसा ‘आफ्रिकानुस’ झाला, तसा हा सायप्रसचा सुभेदार सिर्ग्य पौल याला धर्मात आणून पौल झाला. जेरोम थोर अनुवादक, पण इथे साफ चुकले. तार्सचा हा माणूस जन्मतःच रोमी नागरिक होता. ‘कृत्यां’च्याच बाविसाव्या अध्यायात रोमी सैन्याचा सरदार म्हणतो की मी मोठी रक्कम मोजून नागरिकत्व घेतलं, त्यावर पौल सांगतो, मी तर जन्मानेच आहे. रोमी नागरिकाला लॅटिन नाव असणारच. घरात आणि सभास्थानात हिब्रू शौल, म्हणजे ‘मागून घेतलेला’, आणि बाहेर पौल. त्याचा सहकारी योहान-मार्क याचंही तेच: एक नाव हिब्रू, एक रोमी.

आता खरी गंमत. लॅटिन ‘पाउलुस’ म्हणजे लहान, थोडका. आपल्याकडे लहाने आडनाव असतं तसंच हे उपनाम, आणि चांगलं मातब्बर. इ. स. पू. 216 मध्ये कान्नाईच्या लढाईत पडलेला एक रोमी सेनापती एमिलिउस पाउलुस, आणि 168 मध्ये पिडनाला मॅसिडोनियाच्या राजाला हरवणारा त्याचा मुलगाही पाउलुस. ‘पाउलुस’ या शब्दाच्याच कुळातले लॅटिन शब्द ‘पाउकुस’ (थोडे) आणि ‘पाउपेर’ (गरीब). भाषाशास्त्रज्ञ पोकोर्नी यांनी तर याच मुळाशी लॅटिन ‘पुएर’ (पोरगा), ‘पुल्लुस’ (पिल्लू) आणि आपले संस्कृत ‘पुत्र’ आणि ‘पोत’ नेऊन बांधले. पोत म्हणजे प्राण्याचं पिल्लू. काही व्युत्पत्तिकार ‘थोडं’ आणि ‘पिल्लू’ ही दोन मुळं वेगळी धरतात. मला ते अजिबात पटत नाही. थोडं, लहान, पिल्लू, हा अर्थाचा प्रवास कुठल्याही घरात रोज होतो. आपण धाकट्याला ‘लहान्या’ म्हणतो की नाही? माझ्या मते आपलं ‘पोर’ही याच वाटेने पोतावरून आलं. ‘पुत् नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र’ ही मनुस्मृतीतली फोड अजून शाळेत शिकवणाऱ्यांनी एकदा या मुळाकडे बघावं.

संत ऑगस्टीन या नावात नम्रता बघतात. जन्मापासूनच्या नावात ती कशी असेल? पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, पौल स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो. शब्द ग्रीक, ‘एलाखिस्तोस’, सर्वांत लहान. आणि ग्रीसमधलं करिंथ शहर तेव्हा रोमी वसाहत होती, सीझरने इ. स. पू. 44 मध्ये पुन्हा वसवलेली; तिथल्या सरकारी शिलालेखांची भाषा लॅटिन. ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा लॅटिन येणाऱ्यांच्या कानावर ‘पौल’ आणि ‘लहान’ एकत्रच पडले असणार.