सर्व्हरच नाही, मग एएमसी कशाची?

प्रश्न : ताई, नमस्कार. इचलकरंजीत 2008 पासून माझं कॉम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसीचं, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराचं, दुकान आहे. हाताखाली तीन मुलं आहेत. दोन वर्षांपूर्वी 34 एएमसी होत्या, आज 23 उरल्यात. कुणाचं मेल गूगलकडं गेलं, कुणाची हिशोबाची टॅली क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली. मागच्या महिन्यात एक सूत व्यापारी, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, मला म्हणाले, "आता आपल्याकडं सर्व्हरच नाही, मग एएमसी कशाची द्यायची?" मला उत्तर सुचलं नाही. गिऱ्हाइकांना क्लाउड नको म्हणून समजवावं, की दुकान आवरून सीसीटीव्हीच्या कामाला लागावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हेच वाक्य मी 2014 साली कुपवाडच्या एमआयडीसीत ऐकलं. फाउंड्रीचं ऑफिस, 28 मशिनं, काचेच्या केबिनमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर आणि त्याच्यासाठी वेगळा एसी. सगळ्यांचं मेल त्यावर. दर शनिवारी मी जायचे, भरलेले मेलबॉक्स रिकामे करायचे, बॅकअपची डिस्क बदलायचे. मायक्रोसॉफ्टनं ते उत्पादनच बंद केलं, 2011 ची आवृत्ती शेवटची ठरली आणि मालकांनी मेल होस्टेड, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर घेतलं. माझी वर्षाची एएमसी 96 हजारांवरून 40 हजारांवर आली. त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यामुळं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी पहिल्या भागाचं सांगते. क्लाउड नको म्हणून गिऱ्हाइकाला समजवायला जाऊ नका. हे मी 2019 च्या ऑगस्टमध्ये शिकले. आमच्या सांगलीत गणपती पेठेत किराणा-भुसाराची एक घाऊक पेढी आहे. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यांच्या पोरांनी सर्व्हर टेबलावरून उचलून माळ्यावर ठेवला. पाणी माळ्यावर गेलं. ओसरल्यावर मी कॅबिनेटची बाजू उघडली, तर आतून आधी गाळ सरकून बाहेर आला, मग पाणी. रॅमच्या पट्ट्यांच्या मधे चिखल वाळून विटेसारखा घट्ट बसला होता. बॅकअपची डिस्क कुठं होती? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. ती तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं.

मग हिशोब जुळवायला बसलो. काही डेटा सीएकडं निघाला, काही जीएसटीच्या पोर्टलवरून काढला. नोंदणी असलेल्या दुकानदारांची बिलं रिटर्नमध्ये एकेक करून मिळाली. पण खेड्यातल्या बिगरनोंदणी किरकोळ दुकानदारांची विक्री तिथं फक्त एकूण आकड्यानं असते, नावानं नसते. त्यांची उधारी कुठंच नव्हती. दिवाणजी आठवून आठवून नावं सांगत होते आणि मी लिहून घेत होते. बहुतेकांनी प्रामाणिकपणे पैसे आणून दिले, तरी सगळी उधारी जमली नाही. त्यानंतर त्या पेढीचा डेटा मी रोज रात्री सांगलीबाहेर पाठवायला लागले. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा त्यांनी दोन लॅपटॉप उचलले आणि विश्रामबागेत पाहुण्यांकडं बसून बिलं केली. हे बघितल्यावर क्लाउडच्या विरोधात बोलायला माझी जीभ उचलत नाही. गिऱ्हाइकाच्या भल्याच्या आड येऊन एएमसी एखादं वर्ष टिकेल. पण त्याला कळेल तेव्हा माणूसच तुटेल.

आता त्या सूत व्यापाऱ्यांना काय सांगायचं ते. त्यांना विचारा, "तुमचा सेल्सचा माणूस सोडून गेला, तर त्याचं मेल किती दिवस राहतं?" उत्तर त्यांच्याकडं नसेल. माझ्या एका गिऱ्हाइकाकडं असंच झालं. माणूस गेला, लायसन्सचे पैसे वाचवायला ऑफिसातल्या मुलानं त्याचं खातं डिलीट केलं. दीड महिन्यानं एका पार्टीशी भावावरून वाद झाला, आणि ठरलेला भाव त्या मेलमध्ये होता. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये डिलीट केलेलं खातं 30 दिवसांत परत आणता येतं, गूगल वर्कस्पेसमध्ये 20 दिवसांत. ते दिवस उलटून गेले होते. लोकांना वाटतं की क्लाउडवर म्हणजे कायमचं. क्लाउडवाला त्याचं मशिन चालू ठेवतो. तुमच्या माणसानं काय पुसलं हे तो बघत नाही आणि बघणारही नाही. ते बघणारं कुणीतरी लागतं.

दुसरं उदाहरण याहून वाईट आहे. एका निर्यातदाराच्या अकाउंट्सच्या मेलचा पासवर्ड कुणीतरी मिळवला. चोरानं काहीही पुसलं नाही. त्यानं फक्त आउटलुकमध्ये एक रूल लावला, की परदेशी ग्राहकाकडून आलेलं मेल थेट 'आरएसएस फीड्स' या फोल्डरमध्ये जावं. तो फोल्डर कोण उघडतो? मग ऑफिसच्या नावानं ग्राहकाला मेल गेलं, की आमचं बँक खातं बदललंय. तीन आठवडे इकडं सगळे म्हणत होते, "पार्टी पैसे पाठवत नाही, उत्तरही देत नाही." तिकडं पार्टीनं पैसे कधीच भरले होते. मी त्या ऑफिसात बसून रूलची यादी उघडली, तो एक ओळीचा रूल मालकांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पासवर्डबरोबर मोबाईलवरची दुसरी पडताळणी चालू असती, तर नुसत्या पासवर्डवर तो माणूस आत शिरू शकला नसता. ते चालू करायचं काम माझ्या करारात नव्हतं, कारण माझा करार मशिनांचा होता.

तिथं मी करार बदलला. मशिनामागं पैसे घेणं सोडलं, माणसामागं महिन्याला घ्यायला लागले. त्यात काय येतं ते मराठीत एका पानावर लिहून देते : कोण आलं, कोण गेलं, त्याची खाती उघडणं-मिटवणं, दुसरी पडताळणी सगळ्यांना, मेलचे रूल आणि बाहेर जाणारं फॉरवर्डिंग महिन्यातून एकदा तपासणं, मेलचा आणि फाइलींचा वेगळा बॅकअप. आणि दर तीन महिन्यांनी मालकांनी निवडलेली एक फाइल त्यांच्यासमोर परत आणून दाखवणं. हे शेवटचं मी कधीच चुकवत नाही. मालक म्हणतात, "गेल्या दिवाळीतलं ते कोटेशन काढा," मी काढते, ते उघडून बघतात. पैसे कशाचे देतोय हे त्यांना त्या पाच मिनिटांत कळतं. कुपवाडची ती फाउंड्री आज मला सर्व्हरच्या काळापेक्षा जास्त देते, आणि शनिवारी मला तिथं जावं लागत नाही.

गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर आणखी एक गोष्ट त्यांच्या सीएच्या समोर बसून बोला. कंपनी कायद्याच्या नियमांत ऑगस्ट 2022 पासून हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंदही चालू ठेवावी लागते, ती बंद करता येता कामा नये. क्लाउडवाल्याचा सर्व्हर नेमका कुठल्या देशात आहे, बॅकअप खरोखर रोज होतो का, हे त्यांच्या वतीनं विचारणारा माणूस तुम्ही व्हा. प्रोप्रायटरी दुकानाला हे नियम लागू नाहीत, तेव्हा तिथं या नावानं भीती घालू नका.

आणि टॅलीचं म्हणाल, तर सगळ्यांची क्लाउडवर न्यायलाच हवी असं मला वाटत नाही. एका खोलीत तीन माणसं, मालक रोज दुकानात, नेट दिवसातून दोनदा जातं, तिथं टॅली आहे तिथंच बरी. फक्त बॅकअप बाहेर जाऊ द्या. घरून काम पाहिजे म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट, म्हणजे बाहेरून मशिन चालवायची वाट, उघडून देणारी मुलं मला अजून भेटतात. तुमच्या तिघांपैकी कुणी कुठं तसं केलं असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी ते बंद करा. खंडणीवाले व्हायरस शिरायची ती जुनी वाट आहे.

एक सावधगिरी पैशांची. लायसन्स विकून मार्जिन सुटेल या आशेवर राहू नका, ते फार बारीक असतं आणि जोखीम मोठी. मायक्रोसॉफ्टनं 2022 पासून लायसन्स विकणाऱ्या पार्टनरांसाठी नवी पद्धत आणली. वर्षाच्या बोलीवर घेतलेलं लायसन्स पहिल्या 7 दिवसांत रद्द करता येतं, नंतर नाही. महिन्याच्या बोलीवर घेतलं तर भाव 20 टक्क्यांनी चढा. मी एका गिऱ्हाइकासाठी 22 लायसन्स वर्षाच्या बोलीवर, दर महिन्याला पैसे अशा हिशोबानं घेतली. चौथ्या महिन्यात त्यांनी अर्धी माणसं कमी केली आणि हात वर केले. उरलेले आठ महिने मी माझ्या खिशातून भरले. तेव्हापासून वर्षाचे पैसे आधी घेते, नाहीतर गिऱ्हाइकाच्याच कार्डावरून थेट घ्यायला लावते. माझी मजुरी वेगळी, त्यांचं लायसन्स वेगळं.

सीसीटीव्ही जरूर करा, पण दुकान आवरू नका. ज्या 11 एएमसी सुटल्या, त्यांच्याकडं करार मागायला म्हणून जाऊ नका. चहाला जा आणि विचारा, अॅडमिनचा पासवर्ड कुणाकडं आहे? निम्म्या ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतील.

प्रश्न : आमची छोटी शाळा आहे. वेबसाइट आणि मेल एका कॉम्प्युटरवाल्यांनी सात वर्षांपूर्वी करून दिलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नेटवरचं नाव, त्यांच्याच नावावर आणि त्यांच्याच जीमेलवर आहे, असं आता कळलं. ते फोन उचलत नाहीत. काय करावं?
– मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, आधी कुणाला तरी त्यांच्या घरी पाठवा, आणि भांडायला पाठवू नका. बऱ्याचदा त्या माणसानं धंदा सोडलेला असतो किंवा घरात आजारपण असतं, मनात वाईट काही नसतं. त्यांच्याकडून दोनच गोष्टी हव्यात : डोमेनच्या खात्यात नोंदणीदार म्हणून शाळेचं नाव आणि शाळेचा मेल घालून घ्या, आणि दुसरीकडं हलवायचं असेल तर ट्रान्स्फरचा कोड. सात वर्षांची जी बिलं, पावत्या, बँकेतून गेलेले पैसे असतील ते सगळं एका फाइलीत लावा. माणूस सापडलाच नाही, तर ज्या कंपनीकडं डोमेन नोंदवलंय तिच्याकडं शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करताना ती फाइल लागेल. मुदत कधी संपते ती तारीख आजच काढून ठेवा. ती कुणालाही नेटवर बघता येते.

नाव हलवण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे वेबसाइट आणि मेल कुठल्या सर्व्हरकडं जातं हे सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी कागदावर उतरवून घ्यायला विसरू नका, खास करून मेलच्या. एक नोंद राहिली तरी पालकांचे मेल यायचे थांबतात आणि कळतही नाही.

आणि हे वाचणाऱ्या माझ्या धंद्यातल्या भावांना हात जोडून सांगते. गिऱ्हाइकाचं डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्या. ते आपल्या नावावर असलं की गिऱ्हाईक सुटत नाही, असं काहींना वाटतं. मीही सुरुवातीला सोय म्हणून तसं केलं होतं. 2016 मध्ये बसून एकेक करून 19 डोमेन मालकांच्या नावावर करून दिली. त्यातलं एकही गिऱ्हाईक त्यामुळं गेलं नाही.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची, हार्डवेअर-नेटवर्किंगचा डिप्लोमा केलाय. दुरुस्तीचं दुकान टाकू की पुण्यात नोकरी बघू? बाबा म्हणतात, आता दुरुस्तीला कोण येतं?
– एक वाचक

उत्तर : दुरुस्तीला लोक येतात, बाळा. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नव्या विंडोजला न चालणारी कितीतरी जुनी मशिनं दुकानांत आणि दवाखान्यांत पडून आहेत, त्यांचं काय करायचं हे लोकांना कुणीतरी सांगायला हवंय. पण नुसत्या स्क्रूड्रायव्हरवर घर चालायचं नाही. दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढ, पुण्यातच असं नाही, चिपळूणलाही चालेल. तिथं मेल एका ठिकाणाहून दुसरीकडं हलवण्याचं काम अंगावर घे. मेल खरंच आपल्याच डोमेनवरून गेलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी स्वतःच्या हातानं लाव, चुकव, पुन्हा लाव. ढीगभर मेल पाठवणाऱ्यांना गूगलनं फेब्रुवारी 2024 पासून त्या सक्तीच्या केल्यात, आणि बिलांचे मेल स्पॅममध्ये का जातात हे विचारणारे व्यापारी तुला रोज भेटतील.

दुकान टाकशील तेव्हा पहिल्या मजल्यावर बघ. भाडंही कमी पडेल आणि पाण्याची काळजीही नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.