चिठ्ठी दप्तरातच राहिली

प्रश्न: सिस्टर नमस्कार, आम्ही राजापूर तालुक्यात एका वाडीत राहतो, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे. जुलैमधे शाळेत डॉक्टरांची गाडी आली, सगळ्या पोरांना तपासलं, हिला डोळ्यांना नंबर असेल म्हणून पुढे दाखवायची चिठ्ठी दिली, पण ती दप्तरातच राहिली आणि गणपतीत दप्तर धुवायला काढलं तेव्हा मला भिजून लगदा झालेली सापडली. गुरुजी म्हणतात मी तिला पुढच्या बाकावर बसवलंय. दर आठवड्याला निळी गोळी देतात, ती खाऊन एकदा उलटी झाली, तेव्हापासून गुपचूप फेकून देते. मुंबईला नणंदेच्या मुलाच्या शाळेत नर्स असते, मग आमच्या शाळेत का नाही?

उत्तर: ताई, आधी डोळ्यांचं बघूया. चिठ्ठी गेली तरी अडत नाही, सरळ ग्रामीण रुग्णालयात जा आणि डोळे तपासणीचा वार कुठला ते आधी विचारून घ्या म्हणजे एसटीचा हेलपाटा वाचेल, शाळेतल्या गरजू मुलांना सरकारी योजनेतून चष्मा फुकट मिळतो. पुढच्या बाकावर बसवून नंबर जात नाही, आणि या वयात उंची वाढते तसा नंबरही वाढतो म्हणून दरवर्षी तपासायला लागतं.

तुमच्याकडे आलेली गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या कोकणातल्याच पालघरमधे सुरू झाला. एका पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट, अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा. जन्मतःचं व्यंग, रक्त कमी असणं, कानाडोळ्याचे आजार, उशिरा बोलणं असं बरंच काही त्यात बघतात आणि हृदयाला भोक निघालं तर ऑपरेशनसुद्धा फुकट होतं. काम चांगलं आहे, मी स्वतः अशा तपासण्यांना उभी राहिलेय. पण पथक तालुकाभर फिरतं, ते चिठ्ठी देऊन पुढच्या शाळेत जातं, मग त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे विचारणारं शाळेत रोज कोणी नसतं.

शाळेतली नर्स हवी ती नेमकी याच्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत हेच होत होतं, डॉक्टर तपासायचे, डोळे आलेले, डोक्यात उवा, अंगावर गजकर्ण असलं की पोराला घरी पाठवायचे आणि घरी काय करायचं ते कोणी सांगायचं नाही, पोरं महिनोन्महिने घरीच. मग लिना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळा दिल्या, ती किरकोळ औषधपाणी शाळेतच करायची आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला दाखवायची, वर्षभरात गैरहजेरी कितीतरी खाली आली आणि आणखी नर्स घेतल्या. आपल्याकडेही बडोद्यात १९०९ मधेच शाळेतल्या मुलांची तपासणी सुरू झाली होती, पण शाळेत कायम बसणारी नर्स आपल्या गावापर्यंत आलीच नाही, ती यायला हवी असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुमच्या हातात आहे ती उपकेंद्राची सिस्टर. तिच्याकडे डोंगराळ भागात ३ हजार आणि सपाटीला ५ हजार लोक, लसीकरण, बाळंतपणं, सर्व्हे सगळं तिचंच, त्यामुळे ती येत नाही म्हणून तिच्यावर चिडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊणभाग पालक असतात, त्या सभेत विषय मांडा की चिठ्ठी मिळालेल्या पोरांची यादी एका वहीत लिहायची, सिस्टरने महिन्यातून एकदा येऊन ती बघायची आणि कोण गेलं नाही त्याच्या घरी निरोप द्यायचा, आशाताईंची मदत घ्या, वाडीतलं प्रत्येक घर त्यांना माहीत असतं.

आता निळी गोळी. ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, उलटीही होते, म्हणून दुपारच्या खिचडीनंतरच घ्यायची, चहाबरोबर अजिबात नको, चहाने लोह अंगाला लागत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. पोटभर जेवूनही परत उलटी झाली तर सिस्टरला सांगा पण फेकू देऊ नका, पाळी सुरू व्हायचं वय आहे तिचं. आणि पोरं लावणीच्या चिखलात, बागेत अनवाणी फिरतात, तिथून अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात, त्यासाठी फेब्रुवारी आणि ऑगस्टमधे शाळेत जंताची गोळी देतात, त्या दिवशी ती गैरहजर होती का ते विचारा, राहिली असेल तर उपकेंद्रातून घ्या आणि तिथेच हिमोग्लोबिन तपासून या.