घरात पक्कड कुणाच्या हाती होती?

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहावीत आहे. चार हजार रुपये भरून तिची करिअर चाचणी केली. आवडीच्या भागात ‘यांत्रिक’ तळाशी आलं, ‘सामाजिक’ आणि ‘कला’ वर. क्षमतेच्या भागात मात्र आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखण्यात तिला सगळ्यात जास्त गुण आहेत. समुपदेशक म्हणाले, “मुलीच्या जातीला मशीनबिशीन कशाला? बीएड करू दे, नाहीतर इंटिरियर.” तिचे बाबा खूश. ती म्हणते, “रिपोर्टमध्ये आलंय म्हणजे तसंच असेल.” पण मळ्यातल्या पंपाचा स्टार्टर बिघडला की ही तासभर वायरमनच्या मागे उभी असते. मलाही असंच डीएडला घातलं होतं, कुणी विचारलं नव्हतं. काय करू?
– एक आई, कराड तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातला एक शब्द माझ्या मनातून जाईना. ‘मागे’. वायरमनच्या मागे उभी असते. मग टॉर्च धरायला, पक्कड द्यायला पुढे कोण असतं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरात मुलगा असेल तर हाक त्यालाच जात असणार. मुलगा नसेल तर शेजारच्याला.

आता ती चाचणी आठवा. ‘बिघडलेलं यंत्र उघडून दुरुस्त करायला आवडेल का?’ ज्या पोरीच्या हातात कधी पाना आला नाही, ती प्रामाणिक असेल तर ‘सांगता येत नाही’वर खूण करते. लहान भावंडांना शिकवणं, रांगोळी, पाहुण्यांशी बोलणं हे तिच्याकडून वर्षानुवर्षं करून घेतलेलं असतं. तिथे ती बेधडक ‘हो’ म्हणते. बेरीज झाली की सामाजिक वर, यांत्रिक खाली. गणित चोख आहे हो, पण त्यात मुलीइतकंच तुमचं घरही मोजलं गेलंय.

हा घोळ जुनाच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एडवर्ड स्ट्राँग यांनी व्यवसायाची आवड मोजणारी चाचणी १९२७ साली आणली, ती पुरुषांसाठी. बायकांची वेगळी चाचणी १९३३ मध्ये आली. पुरुषांचा कागद निळा, बायकांचा गुलाबी, आणि गुलाबी कागदावरच्या व्यवसायांत ‘गृहिणी’ हाही एक व्यवसाय! नोकरी करायचीच असं ठामपणे म्हणणाऱ्या मुलीला समुपदेशक कधी कधी चक्क निळा कागद देत. दोन्हींची मिळून एक पुस्तिका व्हायला १९७४ उजाडलं. कागदाचे रंग गेले. तुमच्या समुपदेशकांच्या तोंडी गुलाबी अजून शिल्लक आहे, एवढंच.

त्यांना फोन करा. पैसे भरलेत, संकोच कसला? एकच विचारा : हिच्या गुणांची तुलना कुणाशी केली, फक्त मुलींशी की मुलगे-मुली सगळ्यांशी? यंत्रांच्या प्रश्नांना मुलगे सरासरीने जास्त ‘हो’ म्हणतात. त्यामुळे सगळ्यांच्या रांगेत जी मुलगी तळाशी दिसते, ती नुसत्या मुलींच्या रांगेत बरीच वर असू शकते. गुण तेच, रांग बदलली. दोन्ही आकडे मागा. त्यांना प्रश्नच कळला नाही, तर त्या रिपोर्टला किती किंमत द्यायची हे तुम्हालाही कळेल.

तिच्या बाबांशी ‘मुलगा-मुलगी समान’ यावर वाद घालू नका. त्या वादात कुणी हरत नाही आणि मुलगी तिथेच राहते. रिपोर्टचं क्षमतेचं पान काढून समोर ठेवा. इंजिनीअरिंग ड्रॉइंगला हीच क्षमता लागते, आणि ती त्याच चार हजारांत निघालेली आहे.

आणि थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. डीएडची सल तुमची आहे, तिची नाही. तिला खरोखरच शिकवायला आवडत असेल, तर तेही ऐकून घ्यावं लागेल. आवडींत मुलगे-मुलींचा सरासरी फरक दिसतो, हे मी नाकारत नाही. पण सरासरी तुमच्या मळ्यात येऊन तासभर उभी राहत नाही, तुमची मुलगी राहते. तिला ढकलूही नका, अडवूही नका. आधी हात लावू द्या.

तुमच्या शेजारचंच उदाहरण सांगते. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांना गणिताची शिक्षिका व्हायचं होतं, म्हणजे त्यांचीही वाट बीएडचीच. त्यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेतली, १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनीच नेली. म्हणून तुमचीनेही इंजिन चालवावं असं नाही. पण ते तंत्रनिकेतन तुमच्यापासून एसटीच्या अंतरावर आहे. एक दिवस तिला घेऊन जा, वर्कशॉप बघू द्या, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोलू द्या. तुम्ही लांब चहा पीत बसा. पैशांची अडचण असेल तर एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ‘प्रगती’ शिष्यवृत्तीची तिथेच चौकशी करा : मुलींसाठी वर्षाला ५० हजार रुपये, पदविकेलाही मिळते, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं.

परीक्षा झाली की सुट्टीत ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे महिनाभर जाऊ दे. कंटाळली, तर तेही कळलं. मग बीएडला हसत पाठवा. महिन्याने ‘आवडेल का’ला ती जे उत्तर देईल, ते तिचं स्वतःचं असेल.

आणि पुढच्या वेळी स्टार्टर बिघडला की वायरमनला आधीच सांगून ठेवा, मेन बंद करून झाकण हिला उघडू द्यायचं. टॉर्च बाबा धरतील.