मॉडेल बदलू की सराव वाढवू?

प्रश्न: दादा नमस्कार, मी दोन सीझन झाले आरसी एरोबॅटिक्सच्या (रिमोटवरच्या विमानांच्या कसरतींच्या) स्पर्धेत उडवतोय. मॉडेल दीड मीटरचं, सेकंडहँड, इलेक्ट्रिक. वर येणाऱ्यांकडे सगळी दोन मीटरवाली मॉडेल्स, कॉन्ट्रा ड्राइव्ह (उलट फिरणारे दोन प्रोपेलर) वगैरे, आणि मी कायम मधेच कुठेतरी. सगळं विकून मोठं मॉडेल घ्यायचा विचार चाललाय, पण मित्र म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं. काय करू?

उत्तर: अंगण थोडं वाकडं आहे रे, ते आधी मान्य करून टाकू. एफथ्रीए, म्हणजे आरसी एरोबॅटिक्सच्या आंतरराष्ट्रीय क्लासमधे पंख आणि लांबी दोन्हीला 2 मीटरची मर्यादा आहे आणि लोक बरोब्बर त्या मर्यादेपर्यंत जातात ते काही शो करायला नाही. मोठं मॉडेल वाऱ्यात कमी हलतं, संथ दिसतं आणि 150 मीटरवरून जजला नीट दिसतं. तुझं छोटं, म्हणून ते दिसावं यासाठी तू जवळ उडवणार, आणि जवळ आणलं की बॉक्स (ज्या हद्दीत उडवायचं ती) आपोआप अरुंद, कारण मर्यादा मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना 60 अंशांची असते. म्हणजे 150 मीटरवर सव्वापाचशे मीटरच्या आसपास रुंदी मिळते, 100 मीटरवर जेमतेम साडेतीनशे, आणि मग एक फिगर (कसरत) संपेपर्यंत दुसरी अंगावर येते.

पण तुझे मार्क तिथे जातायत असं मला वाटत नाही. स्कोअरशीट काढून बस एकदा. जज 10 पासून कापत जातो, ढोबळमानाने 15 अंशांची चूक म्हणजे 1 मार्क गेला. वर चढताना मधे हाफ रोल (स्वतःभोवती अर्धी गिरकी) असेल तर रोलच्या आधीची आणि नंतरची रेघ सारखी हवी, लूप गोल हवा, खेचण्याआधी पंख लेव्हल हवेत. यातलं काहीही मॉडेल स्वतःहून करत नाही, कितीही महाग घे. आणि मार्काला के फॅक्टरने (फिगर किती अवघड त्याचा आकडा) गुणतात, म्हणजे के 4 असलेल्या फिगरला 6 चे 7 झाले की सरळ 4 पॉइंट, एका जजकडून.

आता सराव. बहुतेक जण काय करतात, टेकऑफ, आवडीच्या दोन फिगर चार वेळा, लँडिंग, मग गप्पा. याला सराव नाही म्हणत, ही मजा आहे (मजाही करावी, पण वेगळी). ठरलेल्या फिगरांचा अख्खा सिक्वेन्स कॉलर (शेजारी उभा राहून पुढची फिगर सांगणारा) घेऊन उडव, उजवीकडून वारा असताना आणि डावीकडून असतानाही, आणि मग जी फिगर सगळ्यात घाण होते तीच एक पूर्ण बॅटरी पॅक संपेपर्यंत. उडवायच्या आधी हातात काडीचं छोटं विमान धरून सिक्वेन्स चालून काढायचा, वर्ल्ड चॅम्पियनशिपवालेही करतात, लाजायचं कारण नाही.

एक गोष्ट घरी तपास. मोटर डिसकनेक्ट करून ट्रान्समीटरचा सर्व्हो मॉनिटर (कुठला कंट्रोल किती हलतोय ते बारने दाखवणारा स्क्रीन) उघड, डोळे मिट, स्टॉल टर्नसाठी (सरळ वर जाऊन, थांबता थांबता बाजूला वळून खाली येणं) देतोस तसा रडर (शेपटीचं उभं पातं) फुल दे आणि तसाच धरून डोळे उघड. त्याच स्टिकवरचा दुसरा बार, म्हणजे तुझ्या मोडप्रमाणे (स्टिकच्या मांडणीप्रमाणे) थ्रॉटल (मोटरचा जोर) किंवा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं पातं), किती सरकलाय बघ. थोडासा जरी सरकला असेल तरी तुझा स्टॉल टर्न का बिघडतो याचं निम्मं उत्तर तिथेच आहे, आणि ते पैसे देऊन सुटत नाही, अंगठा सुधारावा लागतो.

पैसे घालायचेच तर सर्व्होवर (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) घाल. सर्व्हो दर वेळी त्याच न्यूट्रलला परत येत नसेल किंवा लिंकेजमधे (सर्व्हो आणि पात्यामधल्या जोडणीत) ढिलेपणा असेल तर ट्रिम (विमान सरळ उडावं म्हणून केलेलं सेटिंग) रोज वेगळा लागतो आणि हात बसतच नाही, सगळी मेहनत पाण्यात. रेडिओ ऑन ठेवून एलेव्हेटर बोटाने हलवून बघ, लगेच कळतं. मग जास्तीचे दोन पॅक घे, कारण जुना पॅक शेवटच्या चढाईत मान टाकतो आणि दिवसभरात उडवणंही कमी होतं. कॉन्ट्राचा फायदा खरा आहे, दोन प्रोपेलर उलट फिरले की टॉर्क कटतो आणि सरळ वर जाताना नाक एका बाजूला ओढत नाही. पण राइट थ्रस्ट (मोटर किंचित उजवीकडे कललेली) आणि थ्रॉटल-रडर मिक्स (थ्रॉटलबरोबर रडर आपोआप थोडा हलणं) नीट लावलं तर साध्या प्रोपवरही त्यातलं बरंचसं निघतं, तू ते लावलंयस का हे पत्रात कुठेच नाही.

मोठं मॉडेल घे, पण दोन जज एकाच फिगरला वेगवेगळ्या कारणाने मार्क कापायला लागले की घे. सध्या सगळे एकाच कारणाने कापत असणार.

प्रश्न: जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर) लावून प्रॅक्टिस केली तर हात लवकर बसेल का?

उत्तर: नाही. एफथ्रीएमधे स्टॅबिलायझेशनसाठी जायरो चालत नाही, त्यामुळे स्पर्धेत तो काढावाच लागणार. आणि प्रॅक्टिसमधे लावलास तर वाऱ्याचा झटका तुझ्या आधी तोच दुरुस्त करतो, तुला कळतही नाही झटका आला होता. त्यापेक्षा पावसाळ्यात सिम्युलेटरवर वारा आणि टर्ब्युलन्स वाढवून बस.