खरब नव्हे, खर्व! आणि खर्व म्हणजे बुटका

प्रश्न असा आलाय की 2 चा 37 वा घात वजा 1, म्हणजे 1,37,43,89,53,471, ही संख्या मराठीत 'एक खरब सदतीस अब्ज' अशी वाचायची का, आणि ती मूळ संख्या आहे का.

आधी ते खरब तोंडातून काढा. हिंदी बातम्या ऐकून ऐकून इथं सांगलीत शिकवणी घेणारेसुद्धा पोरांना बिनधास्त खरब शिकवतात, डोकं उठतं. हिंदीतलं खरब शंभर अब्जांचं, आपलं खर्व दहा अब्जांचं. जुनी माणसं एका दमात म्हणायची, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, दर पायरीला दहापट. भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतीतही हाच क्रम, फक्त दशकोटीला तिथं अर्बुद म्हटलंय. मग वाचा, एक निखर्व तीन खर्व सात अब्ज त्रेचाळीस कोटी एकोणनव्वद लाख त्रेपन्न हजार चारशे एकाहत्तर.

पण खरी मजा पुढं आहे. खर्व म्हणजे मुळात बुटका, ठेंगणा! आपल्या गणपतीच्या देवळात चतुर्थीला रांगेत उभं राहून डोळे मिटून 'खर्वं स्थूलतनुं गजेन्द्रवदनं' म्हणतो ना आपण, त्यातला पहिलाच शब्द हा. बुटका, जाडजूड, हत्तीच्या तोंडाचा. आता एकावर दहा शून्यं असलेल्या आकड्याला बुटका का म्हणावं? माझं मत ठाम आहे की यामागं वामन आहे. संस्कृतात खर्व आणि वामन एकाच अर्थाचे, आणि वामन दिसायला एवढासा पण तीन पावलांत सगळं व्यापून बसला, तसंच हे दोन अक्षरी नाव, उच्चारायला चिमूटभर आणि पोटात दहा अब्ज. आमचे एक संस्कृतवाले स्नेही म्हणतात हे दोन वेगळे शब्द, उच्चार योगायोगानं जुळलाय. योगायोग म्हटलं की शोधायचं कामच संपतं, मला ते अजिबात पटत नाही. बुटक्याचा आणि मोठ्या आकड्याचा संबंध नाही हे त्यांनी दाखवावं, मग बोलू.

हां, मूळ संख्येचं राहिलंच. नाही, ती मूळ संख्या नाही. 37 मूळ आहे, आणि दोनच्या पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, ही संख्या लिहिली तर ओळीनं नुसते 37 एक येतात, त्यामुळं फसायला होतं. पण असल्या, म्हणजे 2 चा मूळ घात वजा 1 अशा, संख्येचा कुठलाही मूळ भाजक 37 च्या दुपटीच्या, म्हणजे 74 च्या, पटीत एक मिळवूनच मिळतो. 74 त्रिक 222 आणि एक, 223. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला 1640 मध्येच हा सापडला होता. भागून बघा, 61,63,18,177 येतं, बाकी शून्य.